गेनू साळिंदरानं पेट्रोल कसं वाचवलं

एका जंगलात पेट्रोल फार महाग झालं होतं.

हसताय काय? जंगलात पेट्रोल कशाला, असं विचारू नका. तुमच्या गावाला लागतं तसंच तिथंही लागतं. पूर्वी तिथले प्राणी पायी हिंडायचे. मग कुणीतरी एक रिक्षा आणली आणि दुसऱ्या दिवसापासून कुणाचेच पाय चालेनात. ससासुद्धा शेजारच्या झुडपात जायला रिक्षा बोलवू लागला, आणि उतरताना वर म्हणू लागला, "दमलो बुवा."

तर या जंगलात गेनू नावाचा एक साळिंदर रिक्षा चालवत असे. साळिंदर म्हणजे तोच तो, अंगावर काटे असलेला. माणूस सरळ होता. म्हणजे प्राणी सरळ होता. मध्ये बोलू नका, माझी लिंक तुटते.

बाकीचे रिक्षावाले मागं तीन गिऱ्हाइकं बसवत आणि चौथं पुढं स्वतःच्या मांडीला मांडी लावून बसवत. गेनूच्या मांडीला मांडी कोण लावणार? एकदा एक घाईतलं रानमांजर बसलं होतं. ते स्टँड यायच्या आधीच उडी मारून गेलं आणि भाडंही द्यायला थांबलं नाही. तेव्हापासून गेनूची पुढची जागा रिकामीच जाई. त्यामुळं पेट्रोल महाग झालं की सगळ्यांच्या आधी त्याला चिमटा बसे.

आणि या वर्षी तर गेनूला पेट्रोल लागणारच होतं. त्याची एकुलती एक लेक बकुळा तळ्यापलीकडच्या बिळात दिली होती. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत साळिंदरांतही आहे. जावई दूरच्या रानात कामाला गेलेला, सासू म्हातारी. म्हणजे आणायला जाणार बापच. लग्नात पाठवणी करताना गेनू सगळ्यांसमोर बोलून बसला होता, "पोरी, तुला पहिल्या वेळेला न्यायला तुझ्या बापाची रिक्षा येईल. हार घालून येईल."

वाट लांबची होती. जाऊन यायला टाकी गच्च भरलेली हवी. म्हणून गेनूची बायको हौसा रोजच्या कमाईतून चिमूटचिमूट काढून एका डब्यात टाकत होती. डबा चुलीमागं होता. त्याला हात लावायची गेनूची छाती नव्हती.

सगळे रिक्षावाले गवाआप्पाच्या पंपावर पेट्रोल भरत. गवाआप्पा म्हणजे एक म्हातारा गवा. पिंपळाखाली त्याचा पंप होता. स्वभाव खवट. सुटे पैसे कधी देत नसे, आवळ्याची गोळी हातावर ठेवी आणि म्हणे, "चघळ आणि नीघ." पण माप चोख, आणि नड असली तर उद्या दे म्हणायचा. रिक्षावाले रोज त्याच्या नावानं बोटं मोडायचे आणि रोज त्याच्याकडंच जायचे.

एके दिवशी सकाळी सकाळी स्टँडवर मुंगूस आलं.

आता सकाळी मुंगूस दिसणं किती शुभ, ते तुम्हाला तुमच्या आजीनं सांगितलं असेलच. गेनूनं तर रिक्षातून उतरून नमस्कार केला. मुंगसाच्या गळ्यात टाय होता. टाय घातलेलं मुंगूस म्हणजे दुप्पट शुभ, असं गेनूला वाटलं.

"चालकबंधूंनो," मुंगूस म्हणालं, "पेट्रोलनं तुमचं कंबरडं मोडलंय ना?"

"मोडलंय," सगळे म्हणाले.

"मग हे घ्या बचत कार्ड. आधी कार्डात पैसे भरायचे. मग कार्डानं पेट्रोल भरायचं. दर वेळेला सूट. वर पॉइंट. पॉइंट साठले की बक्षीस."

कार्ड गुळगुळीत होतं. त्यावर वाघमहाराजांचा हसरा फोटो होता. महाराजांना हसताना जंगलात कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं सगळे बघतच राहिले.

धोंडबा नावाचं एक रानडुक्कर त्यातल्या त्यात चिकित्सक होतं. ते म्हणालं, "पैसे कुणाचे?"

"तुमचेच."

"आणि सूट कुणाला?"

"तुम्हालाच."

"मग साहेब, तुम्हाला काय मिळतं?"

मुंगसानं छातीवर हात ठेवला. "समाधान," ते म्हणालं.

धोंडब्याचं समाधान झालं. त्यानं आणखी एकच विचारलं. "हे आप्पाच्या पंपावर चालतं ना?"

"छे छे, तिथं कसं चालेल? आमच्या पंपावर चालतं."

"तो कुठाय?"

"हा काय इथंच," मुंगूस म्हणालं. "डोंगर ओलांडला की उजव्या हाताला."

गेनू धावत घरी गेला. हौसा चुलीपाशी होती.

"डबा दे," तो म्हणाला.

"लेकीचा आहे तो."

"अगं, लेकीसाठीच मागतोय. कार्डात टाकतो. तेवढ्याच पैशात जास्त पेट्रोल मिळेल. तिला आणून वर डोहाळजेवणाचा खर्च निघेल."

"डब्यातले पैसे दिसतात तरी," हौसा म्हणाली. "कार्डातले कुठं दिसतात?"

"ते मशीनला दिसतात. तुला कशाला दिसायला पाहिजेत?"

हौसा उठून आडवी यायच्या आत गेनूनं डबा उपडा केला होता. त्या दिवशी लेकीचे पैसे वाघमहाराजांच्या हसण्यामागं जाऊन बसले.

मग बचत सुरू झाली.

गेनू सकाळी उठून डोंगर चढायचा. चढाला रिक्षा पहिल्या गिअरवर घुंघुं करत धूर ओकायची. पलीकडं पंपावर एक वानर उभं असायचं. ते कार्ड मशीनला लावायचं, मशीन टुंग करायचं आणि कागद बाहेर यायचा. 'आज आपण इतके वाचवलेत. अभिनंदन.' गेनूचं आजवर कुणी अभिनंदन केलं नव्हतं. लग्नातसुद्धा लोकांनी सांभाळून राहा म्हणून सांगितलं होतं. तो कागद दोनदा वाचायचा, खिशात ठेवायचा आणि येताना उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडायचा. तेवढीच आणखी बचत.

"टाकीत किती उरलं?" हौसा विचारायची.

"ते वेगळं. वाचलं किती ते बघ."

"पण जाण्यायेण्यातच जळतंय की सगळं."

"जळल्याशिवाय परत भरणार कसं? आणि भरल्याशिवाय सूट कशी मिळणार? तुला हिशेबातलं कळत नाही हौसा, तू भाकरी कर."

हौसा भाकरी करी. थापताना आवाज जरा मोठा येई.

हळूहळू गेनूला गिऱ्हाइकांचा त्रास होऊ लागला. एखादी भेकरीण म्हणे, "तळ्याकडं येता का?" आणि गेनू म्हणे, "तळं उलट्या बाजूला पडतं बाई, पंपाकडं जायचं असेल तर बसा." पंपाकडं कुणालाच जायचं नसे. तिथं पंपाखेरीज होतंच काय? मग गेनू मोकळाच जाई आणि मोकळाच येई. सगळा स्टँड तसाच. डोंगराच्या वाटेवर सकाळी मोकळ्या रिक्षांची ही रांग लागे. रांगेत उभे राहून सगळे एकमेकांना पॉइंट विचारत.

गवाआप्पा पिंपळाखाली बसून त्यांच्याकडं बघे. एकदा त्यानं गेनूला हटकलं.

"काय रे काटेरी, हल्ली तोंड दाखवत नाहीस?"

"तुमच्याकडं सूट नाही आप्पा."

"माझ्याकडं घाटही नाही," आप्पा म्हणाला.

गेनूला त्याची कीव आली. जुनी माणसं, त्यांना नवीन काही सांगायला जावं तर चिडतात. तो हॉर्न वाजवून पुढं गेला.

असं करता करता दसरा आला.

दसऱ्याला या जंगलात हत्यारांची, गाड्यांची पूजा करतात. रिक्षा धुतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवून पुढं घेतात. स्टँडवर मांडव पडला. पूजा सांगायला बगळेभटजी आले होते. ते एका पायावर उभे राहून मंत्र म्हणत. रिक्षाला कुंकू लावून झालं तसा गेनू पुढं झाला. त्याचा ऊर भरून आला होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "ज्याच्या जिवावर आपण वाचवतो, त्याला नुसतं कोरडं कुंकू?"

त्यानं खिशातून कार्ड काढलं आणि कपाळाला लावलं. सगळे गहिवरले. खरंच की! लक्ष्मी म्हणायची ती हीच, आणि आपण तिला पाकिटात कोंबून ठेवतो! धोंडब्यानंही कार्ड काढलं. पाठोपाठ सगळ्यांनी काढली. भटजींनी सगळी कार्डं एकाच ताम्हनात घेतली आणि पंचामृताचा अभिषेक केला. दूध झालं, दही झालं, तूप झालं, मध झाला, साखर झाली. मध अस्वलानं दिला होता, चांगला घट्ट. मग हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. कार्डं पाटावर उन्हात वाळवली. वाघमहाराज गोड दिसत होते. मुंग्यांनाही तसंच वाटलं असावं.

इतका सुंदर दसरा जंगलात पूर्वी कधी झाला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी कावळा बकुळाचा निरोप घेऊन आला. "बकुळाताई म्हणाली, बाबांना सांग, माझे पाय सुजलेत, पण मी तयार आहे. सासूबाईंनी ओटी भरून ठेवलीय. रिक्षाचा आवाज आला की लगेच निघते."

"उद्या सकाळी निघतो म्हणावं," गेनू म्हणाला. "आधी टाकी भरून आणतो."

टाकीत तळाला थोडं होतं. तेवढ्यावर त्यानं डोंगर चढवला. पंपाच्या दारात रिक्षानं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. गेनू हसला. वेळेवर आलो म्हणाला.

वानरानं कार्ड मशीनला लावलं. मशीन गप्प. वानरानं कार्ड पँटीला घासलं, पुन्हा लावलं. फुंकर मारली, लावलं. शेवटी खाचेत घालून ओढलं, तेव्हा मशीनमधून एक मुंगी बाहेर आली.

"काय केलंय कार्डाला?" वानरानं बोट चाखत विचारलं.

"पूजा."

"मशीन नास्तिक आहे," वानर म्हणालं. "पुढचा."

"अहो पण आत पैसे आहेत माझे!"

"आहेत ना. कार्ड नंबर टाकला तर इथं दिसतायत. पुष्कळ आहेत."

"मग त्याचं पेट्रोल द्या."

"पेट्रोल कार्डावर मिळतं. कार्ड चालत नाही."

"मग पैसे परत द्या."

"परत कार्डातच देतात. कार्ड चालत नाही."

"मग नवीन कार्ड द्या!"

"साहेबांना सांगितलंय. उद्या येईल."

गेनूच्या मागं धोंडबा उभा होता. त्याच्या मागं सगळा स्टँड. सगळ्यांच्या हातात चिकट कार्डं होती. मग सगळ्यांनी मिळून एकेक रिक्षा डोंगरावर ढकलत नेली. उतार मात्र न्यूट्रलवर फुकटात पार पडला.

घरी न जाता गेनू तसाच पिंपळाखाली गेला. आप्पा चार शिव्या देईल, गोळी देईल आणि उद्या पैसे दे म्हणेल, हे त्याला ठाऊक होतं. शिव्या खायची त्यानं तयारी केली होती. पंपाला कुलूप होतं. शेजारच्या टपरीवरची खार सुपारी कातरत म्हणाली, "आप्पा गेला ओढ्याकाठी चरायला. गिऱ्हाईकच नाही तर पंप कुणासाठी उघडायचा, म्हणाला. तुम्हा सगळ्यांना रामराम सांगितलाय."

मग घरी हौसा पदर खोचून उभी राहिली. "मी जाते चालत. आत्ता निघते."

"वेडी आहेस का? रिक्षावाल्याची बायको पायी जाणार? लोक काय म्हणतील?"

"मग तुम्ही चला."

"मी? अगं, अख्ख्या वऱ्हाडासमोर रिक्षा आणतो म्हणालोय मी. तिच्या सासूपुढं धुळीच्या पायांनी उभा राहू? उद्या कार्ड येतंय. एका दिवसानं काय बिघडतंय?"

मुलांनो, तुम्ही म्हणाल, हा चालत का गेला नाही. साधा प्रश्न आहे. लहान मुलांना असे साधे प्रश्न पडतात. मोठेपणी ते बरे होतात.

गेनूनं कावळ्याबरोबर निरोप धाडला, उद्या निघतो. उद्या आला, कार्ड आलं नाही. गेनूनं पुन्हा निरोप धाडला, उद्या निघतो. रोज सकाळी तो रिक्षाला नवा हार घाली आणि दारात बसून मुंगसाची वाट बघे. शेवटी कावळा वैतागला. म्हणाला, "गेनूबाबा, उद्या म्हणजे नेमका कुठला उद्या, ते तरी सांगा. ती पोरगी रोज गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसते. मला तिच्याकडं बघवत नाही."

त्या दिवशी गेनूला भाकरी गेली नाही.

आणि एक दिवस, ऊन कलताना, वाटेवर कुणीतरी येताना दिसलं. चार पावलं चालायचं, थांबायचं, झाडाला टेकायचं, पुन्हा चालायचं. हौसानं आधी ओळखलं आणि ती ओरडतच धावली.

बकुळा होती. पाय सुजून भोपळे झाले होते, टाचांना भेगा पडून रक्त आलं होतं. तिनं दारातली रिक्षा पाहिली, हार घातलेली, लखलखीत.

"रिक्षा बरी आहे की," ती म्हणाली. "मला वाटलं, बाबा, तुम्हालाच काही झालं. म्हणून निघाले."

गेनू खाली बसला आणि तिचे पाय मांडीवर घेऊन ढसाढसा रडला. आपले काटे तिला लागतील म्हणून आधी अंग चोरून बसला, मग तेही विसरला.

"असू द्या हो बाबा," बकुळा म्हणाली. "वाटेत सीताफळं मिळाली. ओढ्याकाठी एका म्हाताऱ्या गव्यानं पाणी दाखवलं. पोचले ना मी?"

हौसा पाणी गरम करायला आत गेली. नवऱ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी दारात मुंगूस.

"गेनूराव, अभिनंदन!" टाय सारखा करत ते म्हणालं. "चला, वडाखाली सभा आहे. खुद्द महाराज येणार आहेत. घरच्यांनाही आणा."

वडाखाली सगळं जंगल जमलं होतं. पायीच जमलं होतं, दुसरं करणार काय? वाघमहाराज अध्यक्षस्थानी झोपले होते. मुंगसानं माइक हातात घेतला.

"बंधुभगिनींनो, बचत कार्ड आल्यापासून जंगलातलं पेट्रोल वाचेल, असं मी म्हणालो होतो. काही लोक शंका घेत होते. आज मी आकडा सांगतो. गेले कित्येक दिवस या जंगलात पेट्रोलचा एक थेंबही जळलेला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आणि यात पहिला मान गेनूरावांचा. कार्डाची पूजा करण्याची कल्पना त्यांची. कार्डात भरपूर पैसे असून त्यांनी त्याला हात लावला नाही. याला म्हणतात संयम!"

गेनूला व्यासपीठावर नेलं. शाल पांघरली, ती काट्यांत अडकली आणि निघेना. नारळ दिला. मग मुंगूस म्हणालं, "सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत."

गेनूनं समोर पाहिलं. पहिल्या रांगेत हौसा बसली होती आणि तिच्या मांडीवर पाय टाकून बकुळा. पायांना हळदीचा लेप होता. गेनूनं माइक धरला. त्याला सगळ्यांसमोर आपली चूक सांगायची होती. मुंगसाच्या तोंडावर कार्ड फेकायचं होतं. पण एकच वाक्य कसंबसं बाहेर पडलं.

"माझी लेक," तो म्हणाला, "सातव्या महिन्यात, तळ्यापलीकडून चालत आली."

सगळ्यांनी वळून बकुळाच्या पायांकडं पाहिलं.

मग मुंगसानं डोळे पुसले. "ऐकलंत?" ते म्हणालं. "अख्खं कुटुंब बचतीला लागलंय!"

आणि सगळं जंगल उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. त्या आवाजानं महाराज जागे झाले, आणि तेही वाजवू लागले. गेनू नको नको म्हणून हात हलवत होता. लोकांना वाटलं, केवढा हा विनय.

तात्पर्य : बचत कार्डानं पेट्रोल हमखास वाचतं. फक्त आपल्याला कुठं जायचं होतं आणि तिथं कोण वाट बघत होतं, एवढं विसरता यायला हवं.